अर्धा कप चीना

वीस मिनिटांत स्वयंपाक होतो असं जो कुणी म्हणत असेल, त्याला एकदा माझ्या स्वयंपाकघरात आणून उभा करा. मी भांडणारा माणूस नाही. त्याला फक्त वर बघायला सांगीन. छताला चिकटलेला तो तपकिरी ठिपका बीफचा आहे. तो तिथवर कसा पोचला हे मला आजवर कुणालाही नीट सांगता आलेलं नाही.

माझ्या सुनेला, मार्लेनीला, तिसरा महिना लागला होता आणि नऊ दिवस तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. भात केला, उलटी. हिरव्या केळ्यांचं सूप केलं, उलटी. शेजारच्या दोन्या मिग्दालिया, म्हणजे मिग्दालियाबाई, मोठ्या प्रेमाने कोंबडीचा रस्सा घेऊन आल्या, तर झाकण उघडायच्या आतच पोर बाथरूमकडे पळाली. दोन्या मिग्दालिया ते अजून विसरलेल्या नाहीत. आम्ही पुएर्तो रिकोतले, कागुआसचे, मार्लेनी ग्वातेमालाची. मंगळवारी जेवताना, म्हणजे आम्ही जेवत होतो आणि ती बघत होती, तिने हळूच सांगितलं, "सासरेबुवा, मी बाळंतपणापर्यंत आईकडे जाऊन राहते." माझा मुलगा नोएल लगेच म्हणाला, मग मीही जातो, माझं काम कॉम्प्युटरवरचं, कुठूनही होतं. तिथल्या तिथे सोमवारच्या विमानाची तिकिटं बघायलाही लागला.

मी "हो हो, जा की" म्हणालो आणि उगाचच मिठाची बाटली इकडची तिकडे केली. पण मला काय ते कळलं होतं. बाळंतपणापुरतं गेलेलं माणूस बाप्तिस्म्यापर्यंत थांबतं, मग बाळाला दात येईपर्यंत थांबतं, मग तिथल्याच शाळेत नाव घालतं. बायको जाऊन मला चार वर्षं झाली. घरात मी एकटा, समोर टीव्ही, आणि नातवंडाला बघायचं ते फोनच्या काचेतून! छे!

शुक्रवारी सकाळी मार्लेनी उशीत तोंड खुपसून पुटपुटली, "आईच्या हातचं घाईचं बीफ मिळालं असतं ना, तर खाल्लं असतं मी."

बस्स. नऊ दिवसांत पोरीने पहिल्यांदा कशाचं तरी नाव काढलं होतं. मी तडक मागच्या अंगणात गेलो आणि विहीणबाईंना फोन लावला.

विहीणबाई म्हणजे दोन्या ओतिलिया. ग्वातेमालात त्यांचं सुई-दोऱ्याचं दुकान आहे. आमच्याकडे या म्हणून मी त्यांना तीनदा बोलावलं आणि तीनदा त्यांनी तेच ऐकवलं, "लेकीच्या सासरी सोफ्यावर बसून काय करू मी? माझं काही काम असेल तर येते. बिनकामाची मी कुठे जात नाही." बाई फटकळ, पण लेकीचं नाव काढल्यावर विरघळल्या.

"घाईचं बीफ होय? अहो डॉन बेर्तो, वीस मिनिटांचं काम! बीफच्या पातळ पट्ट्या कापा. लसूण, आलं, मूठभर तपकिरी साखर, आणि अर्धा कप साल्सा चीना. मोठ्या आचेवर परता. वरून अशी चकाकी येते की तोंड बघून घ्यावं. आणि तिला आधी सांगू नका हं. वासानेच उठून येईल."

मी नीट लिहून घेतलं. साल्सा म्हणजे सॉस, म्हणून शेवटच्या ओळीत लिहिलं, चीनाचा सॉस, अर्धा कप. आता चीना म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. आमच्या बेटावर चीना म्हणजे संत्रं. गोड, रसाचं, चार फोडी करून दातांनी ओरपायचं संत्रं. बाकीच्या देशांत त्याला काय म्हणायचं ते म्हणोत, आम्ही चीना म्हणतो. तेव्हा चीनाचा सॉस म्हणजे संत्र्याचा सॉस. यात विचारायचं काय? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

बाजारातून बीफ आणलं, आलं आणलं, सहा चीना आणल्या. पिशवी घेऊन दारात शिरतोय तोच कुंपणापलीकडून दोन्या मिग्दालियांचा आवाज आला. ह्या बाई नुसत्या शेजारीण नाहीत, आमच्या व्हिला अमापोला वसाहतीच्या रहिवासी समितीच्या अध्यक्षही आहेत, त्यामुळे त्यांचा सल्ला हा कधीच नुसता सल्ला नसतो.

"बघू काय आणलंस. आय बेंदितो! बेर्तो, ह्या चीना नाहीत, हे बॉल आहेत. वर मेण फासलंय मेण! गर्भारशीला मेण खायला घालतोस?"

"मग कुठल्या आणू?"

"डोंगरावरच्या. चागोच्या ट्रकमधल्या. तो आत्ता गेटबाहेरच्या रस्त्यावर असेल बघ."

"त्याला आत कुठे सोडतात? फेरीवाल्यांना मनाई आहे ना? नियम तुमचाच."

"हो तर! माझाच नियम. म्हणून तर मला मोडता येत नाही. तू मोड."

मी गेटवर गेलो. सांगायला हरकत नाही, मी तेहेतीस वर्षं नगरपालिकेच्या परवाना खात्यात काढली. लोक म्हणायचे, परवाने न देण्याच्या खात्यात. म्हणोत बापडे. पण कागद म्हणजे काय चीज असते हे मला कळतं, आणि म्हणूनच गेटवरच्या एदगार्दोसमोर उभं राहिलं की मला कसंनुसं होतं. ह्या एदगार्दोचा पडवी बांधायचा अर्ज माझ्या टेबलावर अकरा महिने पडून होता. त्याने तो विषय कधी काढला नाही. फक्त माझ्यासाठी गेटचा दांडा जरा सावकाश उचलतो.

बाहेर चागोचा ट्रक उभा होताच. मागे चीनांचा डोंगर, वर भोंगा, आणि भोंग्यातून चागोचा आवाज, "गोऽड चीना! नाही गोड तर पैसे परत!"

"एदगार्दो, ह्या ट्रकला पाच मिनिटं आत सोड."

"फेरीवाला आहे, डॉन बेर्तो. नियम सहा."

"अरे घरात गर्भारशी आहे."

"त्याचा रकाना नाही वहीत." त्याने वही माझ्यापुढे सरकवली. "पाहुणा असेल तर सोडतो. पाहुण्याशी नातं?"

तेहेतीस वर्षांत मी कागदावर एक खोटं अक्षर लिहिलेलं नाही. पण नऊ दिवस उपाशी पोर डोळ्यांसमोर आली. म्हटलं, "चुलतभाऊ."

"आडनाव?"

"रोसारियो. माझंच."

"मालदोनादो!" ट्रकमधून चागो ओरडला. बिचारा मदतच करत होता.

एदगार्दोने पेन उचललं. "चुलत असेल तर आडनाव एकच हवं की नाही?"

"मामेभाऊ लिही, बाबा! मामेभाऊ!"

तो एकेक अक्षर कोरत असतानाच माझा फोन वाजला. विहीणबाई. आता पुढचं बोलणं सांगण्याआधी एक गोष्ट सांगून ठेवतो, जी त्या वेळी मला बिलकूल ठाऊक नव्हती. ग्वातेमालात संत्र्याला संत्रंच म्हणतात. चीना म्हणतात ती मूल सांभाळायला ठेवलेल्या बाईला. आयाला.

"काय डॉन बेर्तो, झालं का?"

"कुठलं व्हायला, विहीणबाई! चीना आल्यात, पण गेटवर अडवून ठेवल्यात."

"चीना? कसल्या चीना?"

"मार्लेनीसाठी हो. ट्रकभर आहेत. शंभर तरी असतील."

"शंभर?"

"सगळ्या थोड्याच घेणार? वीस-पंचवीस घेईन. टपोऱ्या, ताज्या बघून. हाताने दाबून बघितल्याशिवाय मी घेतच नाही."

"दाबून?"

"मग! दाबल्याशिवाय कळायचं कसं? आता लागतीलच त्या घरात. बाळ झाल्यावर सुद्धा. रोज सकाळी एक तरी हवीच."

"रोज एक नवी?"

"शिळी कशाला द्यायची बाळंतिणीला?"

"आणि मी?" विहीणबाईंचा आवाज चिरकला. "मी कशाला आहे मग? पाच लेकरं वाढवली मी, डॉन बेर्तो, ह्या दोन हातांनी! आमच्या घरात एकदाही चीना शिरली नाही!"

मी मनात म्हटलं, पाच लेकरं आणि घरात एक संत्रं नाही. काय दिवस काढले असतील बाईंनी! मला खरंच वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की माझ्या तोंडून भलतंच निघतं. म्हणालो, "अरेरे! तरीच मार्लेनी अशी अशक्त राहिली."

फोन बंद झाला. बंद होण्याआधी हुंदका ऐकू आला. मी मामेभावाच्या ट्रकशेजारी तसाच उभा. मी काय वावगं बोललो? मी बोललो ते आठवून आठवून तपासलं, त्यात मला काहीच सापडलं नाही. विहीणबाई गरिबीची आठवण निघाल्याने दुखावल्या असतील, असं मी ठरवलं आणि आत गेलो.

चागो दारात ट्रक लावून माझ्याबरोबर स्वयंपाकघरात आला. मी नको म्हणत होतो, पण त्याचं म्हणणं, वहीत पाहुणा लिहिलंय तर पाहुण्यासारखं वागायला नको? बाहेर ट्रकभोवती वसाहतीतल्या बायका गोळा झाल्या. सगळ्यांत पुढे पिशवी घेऊन कोण, तर दोन्या मिग्दालिया.

मी अर्धा कप रस काढला आणि बीफवर ओतणार, तोच चागोने माझा हात धरला. "हा रस झाला. तुमच्या कागदात सॉस लिहिलंय. सॉस दाट असतो. आटवावा लागेल."

मला पटलं. कागदात जे लिहिलंय ते लिहिलंय. पण अर्धा कप रस आटवला तर चमचाभर उरला. म्हणून दहा चीना पिळल्या. त्याचे तीन चमचे झाले. मग वीस. मी पिळतोय, चागो फुंकतोय, पातेलं खदखदतंय, घड्याळ पुढे पळतंय. साडेतीन वाजता अर्धा कप भरला. वीस मिनिटांतली पहिली पावणेतीन तासांची मिनिटं अशी गेली.

मग साखर घातली, मांस घातलं आणि विहीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे मोठी आच केली. पुढे काय झालं ते मला फार स्पष्ट दिसलं नाही, कारण मी टेबलाखाली होतो. चागो म्हणतो, आधी पाक फुगला, मग फुटला, मग वर उडाला. तो छतावरचा ठिपका तेव्हाचा. घर धुराने भरलं, धुराची घंटा कोकलायला लागली, आणि ती बंद करायला मी स्टुलावर चढतो न चढतो तोच तिची तीच बंद पडली, कारण वीज गेली. आमच्याकडे वीज गेल्याचं कुणी कुणाला सांगत नाही. आली की सांगतात.

आमची शेगडी विजेची. बीफ निम्मं कच्चं, निम्मं जळलेलं.

"गॅस आहे माझ्याकडे, माझ्या पडवीत," दोन्या मिग्दालिया खिडकीतून म्हणाल्या. त्या खिडकीत किती वेळ होत्या देव जाणे. "पण पातेलं झाकून आण. लोक बघतात."

मी पातेलं झाकून नेलं. पंधरा पावलांच्या रस्त्यात चौघींनी झाकण उघडून बघितलं. एक म्हणाली लसूण कमी, एक म्हणाली आलं जास्त, तिसरीने विचारलं हे आंबट वरण आहे का. चौथी नुसतीच माझ्याकडे बघून "बिचारा" म्हणाली, आणि ते मला सगळ्यांत लागलं.

दोन्या मिग्दालियांनी बोट बुडवून चाखलं. "मीठच नाही ह्यात!"

"कागदात मीठ लिहिलेलं नाही."

"कागद खायचाय का?" म्हणत त्यांनी मूठभर मीठ-मसाला भिरकावला. तेवढ्यात नोएलचा फोन. तो कामासाठी राजधानीला, सान हुआनला गेला होता.

"पप्पा, काय चालवलंय तुम्ही? मार्लेनीचा फोन बंद आहे म्हणून तिच्या आईने मला केला. रडतायत! म्हणतात, तुमच्या वडिलांनी घरात ट्रकभर बायका आणल्यात!"

"बायका? इथे मी आहे, दोन्या मिग्दालिया आहेत आणि चागो आहे."

"चागो कोण?"

"तुझा काका. माझा मामेभाऊ."

"आपल्याला असा कुणी नाही, पप्पा."

"आजपासून आहे. वहीत लिहिलंय."

नोएल मग जपून जपून, आजाऱ्याशी बोलावं तसं बोलला, "त्यांनी दुकानाला कुलूप लावलंय. रविवारचं तिकीट काढलंय. म्हणतात, मी येते आणि एकेकीला हाताला धरून बाहेर काढते. पप्पा, तुम्ही बसा. पाणी प्या. मी येतोय."

मी बसलो. पाणी प्यायलो. डोकं चालेना. रविवारी विहीणबाई बायका हाकलायला येणार, सोमवारी पोरं जाणार, आणि समोर पातेल्यात जे काय चिकटलं होतं त्याला नाव देणंही कठीण होतं. माझी ही शेवटची संधी होती आणि ती मी करपवली होती. लाज सोडून सांगतो, माझे डोळे भरून आले. चागोने ते बघितलं आणि मला एक चीना सोलून दिली.

"हा कसला वास येतोय?"

पडवीच्या दारात मार्लेनी उभी. केस विस्कटलेले, पायांत माझ्या सपाता. नऊ दिवसांत ती पहिल्यांदा घराबाहेर पडली होती.

"घाईचं बीफ," मी उठत म्हणालो.

"सकाळपासून?"

मी ताटलीत वाढलं. तिने एक तुकडा तोंडात टाकला. आम्ही तिघं तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. दोन्या मिग्दालियांनी तर बादलीसुद्धा पुढे सरकवून ठेवली. मार्लेनीने तुकडा चावला. पुन्हा चावला. बराच वेळ चावला.

"सासरेबुवा," ती म्हणाली, "हे भयंकर झालंय."

"हो."

"ह्यात साल्सा चीना कुठाय?"

"ही काय! तीस चीना पिळल्यात!"

मार्लेनीने माझ्या हातातल्या सोललेल्या चीनाकडे बघितलं, चागोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, झालं, आली उलटी. पण ती हसत होती. हसता हसता खुर्चीत बसली आणि डोळे पुसत सांगितलं, की साल्सा चीना म्हणजे सोया सॉस. ग्वातेमालातल्या प्रत्येक दुकानात मिळणारा काळा, खारट, बाटलीतला सोया सॉस. तो आमच्याच फ्रीजच्या दारात दोन महिने होता. मग मी गेटवरचं बोलणं सांगितलं आणि तिने चीनाचा तिसरा अर्थ सांगितला. ते ऐकून दोन्या मिग्दालिया भिंतीला धरून खाली बसल्या. मला मात्र हसू येईना. "हाताने दाबून बघितल्याशिवाय घेत नाही," हे मी विहीणबाईंना सांगितलं होतं. माझे कान तापले.

आणि ह्या गोंधळात मला जरा उशिराच दिसलं, की मार्लेनीने ताटली बाजूला सारून पातेलंच पुढ्यात ओढलंय आणि तळाला करपलेली पाकाची खरवड चमच्याने खरवडून खातेय. एक चमचा. दुसरा. सहावा. बादली जागच्या जागी कोरडी.

"हे छान आहे," ती तोंड भरून म्हणाली. "आंबट, गोड, कडू. आई रविवारी येतेय, हे खरं?"

"नोएल म्हणाला तसं."

"मग मी कशाला जाऊ तिकडे?" तिने सहज विचारलं आणि पुन्हा चमचा घातला. "पण आधी तिला फोन करा. खरं काय ते सांगा. रडत बसली असेल."

मी फोन लावला. सगळं सांगितलं, संत्र्यांसकट, मेणासकट, मामेभावासकट. विहीणबाई आधी खुदखुदल्या, मग माझी माफी मागितली. मी त्यांची मागितली. सगळं गोड झालं. मग त्यांनी एक मोठा सुस्कारा सोडला.

"जीव भांड्यात पडला बाई. म्हणजे तिथे चीना कुणी नाहीच. मग मी तरी येऊन काय करू? दुकान उघडते परत. तिकीट संध्याकाळपर्यंत रद्द होतं. ठरल्याप्रमाणे मार्लेनीच येऊ दे इकडे सोमवारी."

मी मार्लेनीकडे बघितलं. पातेलं तिने मांडीवर घेतलं होतं. चमचा थांबला होता, आणि ती माझ्याकडे बघत होती.

"विहीणबाई," मी म्हणालो, "आता खरं सांगू? मघाशी जरा लपवलं मी. एक चीना ठेवली आहे."

"काय?"

"तरुण आहे. कामाला चटपटीत. तिचं आत्तापासून म्हणणं आहे, बाळाला पहिली अंघोळ मीच घालणार."



"तिला म्हणावं, हात लावून बघ!" विहीणबाई गरजल्या. "रविवारी येतेय मी. आणि बाळ चालायला लागेपर्यंत हलत नाही तिथून!"

मी फोन ठेवला. दोन्या मिग्दालियांनी विचारलं, काय म्हणाल्या? "येतायत," मी म्हणालो. मार्लेनीने माझ्याकडे एकदा नीट बघितलं, मग मान खाली घातली आणि पातेल्याचा तळ पुन्हा खरवडायला लागली.